जळगाव ते नांदेड, अठ्ठावन्न मिनिटं

जळगावच्या धावपट्टीपासून नांदेडच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती दोनशे पासष्ट किलोमीटर भरते. ही रेघ जामनेर ओलांडते, बुलढाण्याचा घाट चढते, चिखलीला डाव्या हाताला ठेवते आणि बरोबर मध्यावर, मेहकरच्या अलीकडे, आंबेझरी नावाच्या गावावरून जाते. आंबेझरीत ती माझ्या माहेरच्या परसावरून जाते. मी हे उगाच रंगवून सांगत नाही. रोज दुपारी ती रेघ मीच ओढत होते.

मी रेणुका मापारी. ‘गगनवाट’ नावाच्या विमान कंपनीत उड्डाण नियोजक होते. विमान वैमानिक चालवतो; पण कोणत्या वाटेनं जायचं, किती वीज लागेल, किती उरेल, किती वाजता पोचायचं, हे ठरवून कागदावर सही करणारं माणूस जमिनीवर बसलेलं असतं. माझ्या सहीशिवाय विमानाचं दार लागत नव्हतं. चौदा वर्षं मी सह्या केल्या. त्यातल्या शेवटच्या सहा महिन्यांच्या सह्या आठवल्या की मला आजही मळमळतं.

आमची विमानं एकोणीस जणांची, विजेवर चालणारी. आवाज कमी, धूर नाही, भाडं परवडणारं. खोट एकच. दहा मिनिटांची राखीव वीज बाजूला ठेवली, तर बॅटरी एकशे नव्वद किलोमीटरपर्यंतच जायची. म्हणून जळगावहून निघालेलं विमान आधी अकोल्याला उतरायचं, तिथं पंचवीस मिनिटं चार्ज व्हायचं आणि मग नांदेड गाठायचं. एकूण एक तास पंचेचाळीस मिनिटं. रस्त्यानं आठ-नऊ तास हाडं खिळखिळी करून घेणाऱ्यांना तो वेळ सुरुवातीला स्वर्गासारखा वाटला. सहा महिन्यांत त्याच लोकांना अकोला नकोसं झालं.

मग ‘घारनजर’ नावाची यंत्रणा आली.

तिच्यामागचं शास्त्र साधं आहे. दुपारी ऊन तापलं की सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरून ठेवलेलं काळं रान, डांबरी रस्ता, पत्र्याची वस्ती लवकर तापते. झाडी आणि पाणी उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते आणि वर चढू लागते. तिचा खालपासून वरपर्यंत एक खांबच उभा राहतो. त्या खांबात शिरलं की कष्टाशिवाय उंची मिळते आणि मिळालेली उंची पुढं हळूहळू उतरत वापरता येते. अडचण इतकीच की हवा डोळ्याला दिसत नाही. पण घार दिसते. घारीला हा खांब बरोबर सापडतो. ती त्यात शिरते आणि पंख न हलवता गिरक्या घेत वर जाते. आमच्या विमानाच्या नाकात बसवलेले कॅमेरे आठ किलोमीटरवरची घार ओळखायचे. ती किती वेगानं वर चढते आहे ते संगणक मोजायचा आणि विमान तिकडं वळवायचा. विमानाचे पंख लांब नि सडपातळ होते. चांगल्या दुपारी घारींच्या मागं जाऊन पंच्याहत्तर किलोमीटरची वीज वाचायची. एकशे नव्वद आणि पंच्याहत्तर, दोनशे पासष्ट. अकोला वगळलं गेलं. जळगाव ते नांदेड, अठ्ठावन्न मिनिटं.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. लहानपणी अंगणात कोंबडीची पिल्लं झाकताना जिला मी शिव्या घालायचे, ती घार विमानाला वाट दाखवत होती.

पण घारी काही आमच्या वेळापत्रकाला बांधलेल्या नव्हत्या. एखाद्या दुपारी त्या दुसरीकडंच असायच्या आणि विमान परत अकोल्याला न्यावं लागायचं. प्रवासी ओरडायचे. तेव्हा कंपनीतल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की घारी जिथं हव्यात तिथं त्यांना बोलवून घ्यावं. रेघेवर चार जागा निवडल्या. तिथं कोंबड्यांच्या कारखान्यांतली घाण टाकायची. आतडी, पिसं, पाय, मेलेली पिल्लं. दहा कोसांवरच्या घारी खायला येतील आणि परत जाताना जवळचा हवेचा खांब धरून वर चढतील. त्यांना पाहून आमचं विमान चढेल. या उकिरड्यांना नाव दिलं ‘पक्षी आहार केंद्र’. हिरवी पाटी, तिच्यावर घारीचं चित्र, खाली ‘निसर्गासोबत भरारी’. गावातली माणसं त्याला सडकं म्हणायची.

आंबेझरीचं सडकं आमच्या परसामागच्या पडीक तुकड्यावर झालं. ते काम माझ्या भावानं घेतलं. उद्धवदादाचे दोन टेम्पो होते आणि दोन्ही बहुतेक दारातच उभे असायचे. आणि कंपनी जागा शोधते आहे हे त्याला सांगितलं कुणी? मी. दसऱ्याला सोनं द्यायला गेले होते, तेव्हा ओसरीवर बसून हौसेनं सांगितलं. “बहीण कामाला आली,” म्हणून दादानं माझ्या पाठीवर थाप मारली.

माय तेव्हा चुलीपुढं होती. तिला कुणी विचारलंच नाही.

संक्रांतीला गेले तेव्हा गावाच्या शिवेपासूनच पदर नाकाला लावावा लागला. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की तो केसांत बसतो, आंघोळीनं जात नाही आणि तिसऱ्या दिवशी आपल्याला येईनासा होतो. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत घाण. दादाला तो येत नव्हता. वहिनीला येत नव्हता. मायला मात्र येत होता.

मायनं मला तिळाची पोळी वाढली आणि ताटावर जाळी झाकली. मी एक घास घ्यायची, ती जाळी परत झाकायची. माशा जाळीवर बसून राहायच्या, काळा कपडा पसरावा तशा. तिच्या स्वतःच्या ताटात अर्धी पोळी होती. एक माशी आत शिरून तिच्या तुपावर बसली. मायनं ताट सारलं आणि हात धुतला.

“जेव ना गं,” मी म्हटलं.

“मले घास उतरत नाही, रेणू. दोन महिने झाले.” मग ती जवळ सरकली. “तू त्या इमानवाल्याईची साहेब हाये ना? मंग हे उचलाले लाव.”

“साहेब कुठली, माय? मी फक्त सही करते.”

“मंग सही नको करू.”

मी हसले. खरंच हसले. आमच्या धंद्यात असं चालत नाही, हे तिला समजावून सांगितलं. शेवटी म्हटलं, “बघते.” आपण ‘बघते’ म्हणतो तेव्हा काय बघणार असतो, हे म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मी दादाशी बोलले. दादा म्हणाला, “म्हाताऱ्या माणसाचं असंच रायते.” मी जळगावला परत आले आणि रोज दुपारी अठ्ठावन्न मिनिटांवर सही करत राहिले.

त्या काळात मी एकदा कामासाठी त्याच विमानानं नांदेडला गेले. अकोला वगळून वाचवलेल्या सत्तेचाळीस मिनिटांचं लोक करतात तरी काय, ते पाहावं म्हटलं. उतरल्यावर सगळे सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहून मोबाइलवर माकडांचे व्हिडिओ बघत होते.

मार्चमध्ये मायचा फोन आला. मी संगणकाच्या पडद्यासमोर होते, विमान सुटायला वीस मिनिटं होती. ती सांगत होती की दादा आता दिवसाला तीन-तीन गाड्या आणतो. कंपनीनं एका दिवसाआड एक गाडी ठरवली होती. पण आजूबाजूच्या साऱ्या कोंबडीवाल्यांना आयती जागा सापडली आणि दादा कुणाला नाही म्हणायला तयार नव्हता. “आता त घारी बी उडत नाहीत, व,” माय म्हणाली. “घरावर बसून रायतात, कोंबड्यांवानी. खाऊन खाऊन सुस्तावल्या.”

“हं,” मी म्हटलं आणि आकडे भरत राहिले.

विमानं ज्या घारींच्या भरवशावर उडत होती, त्या उडायच्या थांबल्या आहेत, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं. कुठलाही कॅमेरा बोलायच्या आधी सांगितलं होतं. मला ती नेहमीची कुरकुर वाटली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माय गेली. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी तिचं ताट पाहिलं होतं.

दहावा पैनगंगेच्या काठी केला. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन आत्ताच चटके देत होतं. दादानं डोकं भादरलं. गुरुजींनी पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. समोरच्या बाभळीवर आठ-दहा कावळे होते. एरवी पिंड ठेवायला उशीर, की झडप घालतात. इथं एकही हलेना. एक कावळा तर मान पोटाशी घालून डोळे मिटून बसला होता.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. बायकांत कुजबुज सुरू झाली.

“काही इच्छा राहिली असंल तर बोला,” गुरुजी म्हणाले.

दादा पुढं झाला, हात जोडले. “माय, माह्या धाकट्या पोरीच्या लग्नात काई कमी पडू देनार नाही.” कावळे बसून. “माय, घराले स्लॅब टाकतो.” बसून. “दरसाल शेगावले तुह्या नावानं अन्नदान करतो.” बाभळीवरच्या एकानं चोच फांदीवर घासली आणि परत मिटून बसला. दादा आणखी आठवू लागला. बोअर पाडतो म्हणाला, देवळाला घंटा देतो म्हणाला. जे बोलायचं ते सोडून तो सगळं बोलला.

मायचा भाऊ, सुखदेवमामा, काठी टेकत पुढं आला. “उद्धवा,” तो म्हणाला, “काऊन दुनियाभर फिरून राहिला? बयनाबाईची काय इच्छा होती ते साऱ्या गावाले मालूम हाये. म्हन, सडकं उचलतो. येवढं दोन शब्द म्हन.”

सगळी माणसं दादाकडं पाहत होती. मी पण पाहत होते. दादाच्या मानेवरून घाम उतरत होता. तो मामाकडं न बघता गुरुजींकडं वळला. “ऊन फार झालं, महाराज. दर्भाचा करा.”

गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळल्या, गाठ मारली, शेंडा चोचीसारखा पुढं काढला. तो गवताचा कावळा पिंडाला लावला. “झालं,” म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. दादा सुटल्यासारखा नदीत उतरला. शास्त्रात ती सोय आहे, मला माहीत आहे. कावळाच नसेल तिथं माणसानं करावं तरी काय? पण इथं कावळे समोर बसलेले होते. मी बाभळीच्या मागं जाऊन ओकले.

मामा पाणी घेऊन आला. “तुह्या मायची काई चूक नाही, पोरी,” तो म्हणाला. “काकस्पर्श होईन तरी कसा? या कावळ्याईचं पोट फुटाले आलं. पोट भरलेलं पाखरू उठत नसते.”

मी चूळ भरता भरता वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. एवढं ऊन, एवढं तापलेलं रान, हवेचे खांब उभे राहायची वेळ, आणि वर एकसुद्धा घार नव्हती. मग मी नदीकाठावरून दिसणाऱ्या आमच्या घराकडं पाहिलं. पत्र्यावर, गोठ्यावर, विजेच्या तारेवर घारी ओळीनं बसल्या होत्या. चाळीस तरी असतील. तेव्हा कुठं मला मायचा मार्चमधला फोन ऐकू आला.

दादाला त्याच दुपारी नांदेडला जायचं होतं, आमच्याच दोन चाळीसच्या विमानानं. कंपनीच्या मुख्य कचेरीत आणखी सहा केंद्रांचं काम त्याला मिळणार होतं. तेरावा व्हायच्या आत घर सोडू नये, हे त्याला वहिनीनं सांगून पाहिलं. “साहेब लोक थांबत नाहीत,” तो म्हणाला. मला त्याच्या गाडीत बसायचं नव्हतं. पण त्या दुपारी माझ्या जागी बसणारी मुलगी तापानं आजारी होती, आणि आमचे जळगावचे व्यवस्थापक भंगाळे सकाळपासून चारदा फोन करून चुकले होते. एका दिवसासाठी या, मॅडम. मी गेले, कारण मला तो पडदा बघायचा होता.

चिखली मागं पडली. दादाच्या भादरलेल्या डोक्यावर कोरी पांढरी टोपी होती.

“तू काऊन एवढं मनाले लावून घेतं?” शेवटी तो म्हणाला.

“मायनं एक गोष्ट मागितली होती, दादा.”

“तिनं तुलेही मागतली होती.”

मी खिडकीबाहेर पाहत बसले.

“अन् आता सडकं उचललं त ती काय परत येते?” तो म्हणाला. “तूच त रस्ता दाखवला. आता सोवळी नको होऊ.”

हेही खरं होतं. मला त्याची किळस येत होती आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बाईचीही येत होती. बुलढाण्याचा घाट उतरून आम्ही जळगावला पोचलो.

कचेरीत शिरले तेव्हा दोन वाजले होते. भंगाळे दारातच उभे होते. “फार वाईट झालं, मॅडम. आईसाहेब गेल्या,” म्हणाले आणि त्याच श्वासात, “जरा लवकर करा, प्रवासी आलेत.”

मी पडदा उघडला. चारही केंद्रांवर खांबावर बसवलेले कॅमेरे होते. उडणाऱ्या घारी मोजून ते आकडा पाठवायचे. पहिलं केंद्र, शून्य. आंबेझरी, शून्य. तिसरं, दोन. चौथं, तीन. मी मागचे दिवस काढले. आठवडाभर आंबेझरी शून्यच होती. तरी विमान रोज थेट गेलं होतं आणि राखीव वीज रोज थोडी जास्त खात होतं. काल उतरलं तेव्हा बॅटरीत दोन मिनिटांची वीज उरली होती.

“हे रोज शून्य असताना सही कशावर झाली?”

“कॅमेऱ्यांवर धूळ बसते, मॅडम,” भंगाळे म्हणाले. “म्हणून हातानं आकडा भरायची सोय आहे ना. मागच्या महिन्याची सरासरी घ्यायची. आंबेझरीला एकोणतीस भरा.”

मी आंबेझरीचं चित्र मोठं केलं. कॅमेरा लख्ख होता. आमच्या घराचा पत्रा दिसत होता आणि पत्र्यावर बसलेल्या घारी एकेक करून मोजता येत होत्या.

“धूळ कुठं आहे, भंगाळे? घारी बसल्यात. त्या उडत नाहीत.”

भंगाळेंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “मग आहेत ना! आणि एकोणतीसपेक्षा जास्तच आहेत. भरा आकडा.”

दर्भाच्या चार काड्या वळल्या की कावळा होतो आणि चौकटीत एकोणतीस टाकलं की घारी उडतात. एकाच दिवसात दोनदा मला तेच बघावं लागत होतं. मी भंगाळेंना समजावलं. घार उडाली नाही तर हवेचा खांब कुठं आहे हे यंत्राला कळणार नाही. विमान आंधळ्यासारखं जाईल. खांब सापडला तर सापडला. नाही सापडला तर राखीव वीज संपवूनही दोनशे चाळीस किलोमीटर होतील. म्हणजे अर्धापूरच्या आसपास. केळीच्या जिल्ह्यातून निघायचं आणि केळीच्या बागेत पडायचं.

“आजवर पडलं का?” भंगाळे म्हणाले.

“काल दोन मिनिटं उरली होती.”

“उरली होती ना?”

या माणसाला दोन मुली होत्या. तो दर गुरुवारी उपास करायचा. वाईट माणूस म्हणून मी त्याला नाकारलं असतं तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात दादा आत आला. विमान का सोडत नाहीत ते बघायला आला होता. हातात बॅग, टोपी तशीच. भंगाळेंनी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, “तुम्हीच समजवा बहिणीला. तुमचंच तर केंद्र आहे.”

“कर ना व सही,” दादा म्हणाला. “काई होत नाही. रोजचं इमान हाये.”

“आज सकाळी गावात उडणारी घार पाहिलीस?”

“असतीन कुठं तरी.”

“पाहिलीस का?”

मी पडदा त्याच्याकडं फिरवला. त्याचं घर, त्याचा पत्रा, त्यावरच्या घारी. एका घारीच्या चोचीत आतड्याचा तुकडा लोंबत होता आणि तिला तो गिळवत नव्हता.

“तुझी जागा चार नंबर, खिडकीजवळची,” मी म्हटलं. “तू जाऊन बस, पट्टा लाव. तू बसलास की मी सही करते.”

मी करणार नव्हते. पण त्याला ते माहीत नव्हतं, आणि मला बघायचं होतं.

दादा पडद्याकडं बघत राहिला. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मग बॅग उचलली.

“मी एसटीनं जातो,” तो म्हणाला. “सुतक हाये. सुतकात असं वर आभाळात जाऊ नये.”

“आणि बाकीचे अठरा?”

“त्याईले काय सुतक हाये?”

एवढं बोलून तो गेला. काचेतून मी त्याला पाहत होते. प्रवाशांच्या बाकांमधून तो वाट काढत होता. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, तिनं पाय आत घेऊन त्याला वाट दिली. “थँक्यू ताई,” तो म्हणाला. सख्खा भाऊ आहे माझा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन त्यानं पैनगंगेचं पाणी ओलांडलं होतं. त्या क्षणी मला त्याच्या नावाचीसुद्धा शिसारी आली.

मी कागद पुढं ओढला. मार्ग, अकोला. वेळ, एक तास पंचेचाळीस मिनिटं. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, ‘चारही ठिकाणी मिळून पाचच घारी उडताहेत, बाकीच्या टाकलेलं खाऊन बसून आहेत. पोट भरलेलं पाखरू उठत नाही. हातानं भरलेले मागच्या आठवड्याचे आकडे खोटे आहेत.’ खाली सही केली. हा शेरा एकदा पडला की कंपनीला पुसता येत नाही; तो त्याच संध्याकाळी सरकारी नियंत्रकाकडं जातो. भंगाळेंना ते माहीत होतं. ते खुर्चीत बसले आणि रुमालानं तोंड पुसू लागले.

नवी वेळ फलकावर लागली. प्रवासी काचेवर आले. एकानं हात आपटून विचारलं, आमच्या पाऊण तासाची भरपाई कोण देणार. तान्ह्या मुलाची आई म्हणाली, आधीच सांगायचं ना, दूध तेवढंच आणलंय. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. विमान अकोल्याला उतरलं, चार्ज झालं, पाच वाजायच्या आत नांदेडला पोचलं. कुणालाही काहीही झालं नाही, त्यामुळं कुणीही माझे आभार मानले नाहीत.

आठ दिवसांत चौकशीवाले आले. पंधराव्या दिवशी चारही केंद्रं बंद झाली, खड्ड्यांवर चुना आणि माती पडली. गगनवाटेनं थेट उड्डाण बंद केलं आणि मलाही घरी पाठवलं. कारण लिहिलं, प्रवाशांशी उद्धट वर्तन. दादाला मिळणारी सहाच्या सहा केंद्रं गेली. तो माझ्याशी बोलत नाही.

मायला महिना झाला त्या दिवशी मी आंबेझरीला गेले. दादा टेम्पो घेऊन कुठं तरी गेला होता. वहिनीनं मला आत घेतलं आणि गोठ्यात निघून गेली. परसात चुन्याचा पांढरा पट्टा दिसत होता. वास अजून होता, पण कमी. मी चूल पेटवली. भाकर केली, पिठलं केलं, मायला आवडायचा तसा मऊ भात केला. एक पान पत्र्यावर ठेवलं. हात मागं घ्यायच्या आत कावळा आला. मग आणखी दोन आले. पानावर भांडणं लागली.

शेजारची कासाबाई भिंतीवरून बघत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. “पाह्य व रेणू, इच्छा पुरी झाली मायची.”

मी मान हलवली. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच मला दिसलं. पण ते तिला कशाला सांगू?

उन्हं तापली होती. नदीच्या अंगाला, खूप वर, एक घार गिरक्या घेत चढत होती. पंख हलत नव्हते. माझी नजर सवयीनं तिच्या खालचं रान शोधायला लागली, मग मी ती ओढून घेतली आणि ताट वाढून ओसरीवर बसले. मायची जाळी खुंटीला होती. ती घेतली नाही. बराच वेळ मी भाताकडं बघत राहिले. एकही माशी आली नाही.

पण मला घास उतरेना.